आयबीएमनं घरच्याच माणसाचं ऐकायला उशीर केला, आणि डेटाबेसच्या धंद्यात पहिली बाजी ओरॅकलनं मारली

समजा, तुमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. केंद्रावर प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचं एक पान. पानावर तारखा, तारखेखाली सकाळ-संध्याकाळ, आणि त्याखाली लिटर आणि फॅट. सगळं कसं व्यवस्थित.

आता एखाद्या शेतकऱ्यानं विचारलं की, १५ ऑगस्टला सकाळी माझं दूध किती भरलं? तर उत्तर दोन मिनिटांत मिळतं. त्याचं पान उघडा, तारीख शोधा, वाचा.

पण केंद्राच्या चेअरमननं विचारलं की, गेल्या वर्षभरात कोणाकोणाच्या दुधाचं फॅट ३.५ च्या खाली गेलं, आणि कधी? तर मात्र घाम फुटतो. कारण आता नावही माहीत नाही आणि तारीखही नाही. प्रत्येक पान उघडायचं, प्रत्येक तारखेवर बोट ठेवायचं. माहिती वहीत आहे, पण वही ज्या प्रश्नासाठी मांडली होती तो प्रश्न हा नाही.

हीच अडचण आज मोबाईल ॲप बनवणाऱ्या हजारो पोरांना येते. वहीच्या जागी डॉक्युमेंट डेटाबेस असतो, एवढाच फरक. आणि गंमत म्हणजे ही अडचण एका माणसानं १९७० सालीच कागदावर मांडली होती. त्याचं नाव एडगर फ्रँक कॉड. ओळखीचे लोक त्याला टेड म्हणायचे.

आज तुम्ही बँकेतला बॅलन्स बघता किंवा रेल्वेचं तिकीट काढता, त्यामागे बहुतेक वेळा याच माणसाच्या डोक्यातून निघालेली पद्धत काम करत असते. पण ती पद्धत बाजारात यायला दहा वर्षं लागली. कारण ती ज्या कंपनीत जन्मली, त्याच कंपनीला ती परवडणारी नव्हती.

तर सुरुवातीपासून बघू.

विमानाचा पायलट, दुकानातला सेल्समन आणि मग कॉम्प्युटर

कॉडचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा. गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्टलंड बेट. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत हा सगळ्यात धाकटा.

पोरगं हुशार होतं. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गणित आणि रसायनशास्त्र शिकायला गेलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. शिक्षण चालू असल्यामुळं सैन्यात जाणं त्याला पुढं ढकलता आलं असतं. पण तो स्वतःहून भरती झाला आणि रॉयल एअर फोर्समध्ये समुद्रावर गस्त घालणारी सुंदरलँड विमानं उडवू लागला.

युद्ध संपलं, गणिताची डिग्री घेतली आणि १९४८ मध्ये गडी अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात कपडे विकले. मग टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं. आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये नोकरीला लागला. त्या काळी कॉम्प्युटर एका आख्ख्या खोलीएवढा असायचा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला गणितज्ञच लागायचा.

इथं नोकरी पक्की झाली असं वाटत असतानाच १९५३ साल उजाडलं. अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थीनं कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांच्या मागं लागायचा सपाटा लावला होता. नुसत्या संशयावरून माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. कॉडला हे पटलं नाही. त्यानं सरळ बॅग भरली आणि कॅनडा गाठला. चार वर्षं तिकडंच काम केलं आणि १९५७ मध्ये परत आयबीएममध्ये आला.

हा प्रसंग लक्षात ठेवा. न पटलेल्या गोष्टीपुढं मान डोलवायची नाही, ही या माणसाची खोड होती. पुढं हीच खोड त्याला कंपनीतही नडली.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, तो कंपनीच्या स्कॉलरशिपवर मिशिगन विद्यापीठात परत विद्यार्थी झाला आणि १९६५ मध्ये पीएचडी झाला. विषय होता स्वतःची नक्कल स्वतः तयार करू शकणारी यंत्रं. जॉन फॉन न्यूमन यांनी त्यासाठी २९ अवस्थांची रचना मांडली होती. कॉडनं दाखवून दिलं की ८ अवस्थांत काम भागतं. गुंतागुंतीची गोष्ट कमीत कमी भागांत बसवायची, हा त्याचा पिंड होता.

चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटचे सुटे भाग

१९६० च्या दशकाच्या शेवटी कॉड कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत आला. तेव्हा कंपनीत एका सॉफ्टवेअरची हवा होती. त्याचं नाव आयएमएस.

नासाच्या अपोलो मोहिमेत रॉकेटच्या असंख्य सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा होता. कोणता भाग कशात बसतो, तो पुढं कशात बसतो, अशी उतरंड. त्यासाठी आयबीएमनं रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर हे सॉफ्टवेअर उभं केलं. माहिती झाडासारखी ठेवायची. खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एकात एक ठेवलेले डबे म्हणा हवं तर.

ही पद्धत वेगवान होती आणि मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी चांगले पैसे मोजत होत्या. आयबीएमसाठी आयएमएस म्हणजे दुभती म्हैस.

पण कॉडला त्यात एक खोट दिसली. माहिती काढायची तर वाट माहीत पाहिजे. कोणत्या फांदीवरून कोणत्या डहाळीवर जायचं, हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लिहावं लागायचं. उद्या झाडाची मांडणी बदलली की सगळे जुने प्रोग्रॅम बंद.

आपल्याकडचं सोपं उदाहरण घ्या. सातबारा उतारा गट नंबरवरून निघतो. गट सांगा, मालक कळतो. पण एखाद्या खातेदाराची गावात एकूण जमीन किती, हे विचारायचं असेल तर आठ-अ लागतो. तोच गाव, तीच जमीन, तीच माणसं. पण प्रश्नाची दिशा बदलली म्हणून मांडणी वेगळी ठेवावी लागते. आता असे पन्नास प्रकारचे प्रश्न आले तर पन्नास उतारे ठेवणार का?

तो एक पेपर

१९६९ मध्ये कॉडनं कंपनीच्या आत एक टिपण काढलं. आणि जून १९७० मध्ये कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात त्याचा तो प्रसिद्ध पेपर छापून आला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

पेपरचा मुद्दा साधा होता. माहिती मशीनमध्ये आत कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच पडू नये.

हे पटवायला त्यानं सुटे भाग आणि प्रकल्प यांचंच उदाहरण घेतलं. कोणत्या प्रकल्पाला कोणता भाग किती लागतो, ही माहिती झाडासारखी मांडायचे पाच वेगवेगळे प्रकार त्यानं दाखवले. भागाच्या पोटात प्रकल्प, प्रकल्पाच्या पोटात भाग, असे. आणि मग सिद्ध केलं की एका मांडणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम उरलेल्या चारपैकी किमान तीन ठिकाणी फसतो. माहिती तीच, प्रश्न तोच, तरी उत्तर नाही.

दुसरं उदाहरण एका कर्मचाऱ्याचं. त्याच्या नोंदीच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्या इतिहासाच्या पोटात पगाराचा इतिहास, आणि शेजारी मुलांची यादी. आज डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये पोरं जशी माहिती ठेवतात, अगदी तशी.

कॉडनं काय केलं? पोटातली प्रत्येक यादी बाहेर काढली आणि तिचा स्वतंत्र तक्ता केला. नातं तुटू नये म्हणून कर्मचाऱ्याचा नंबर त्या प्रत्येक तक्त्यात सोबत दिला. झालं. आता डबे एकात एक नाहीत, शेजारी शेजारी आहेत. पगारापासून सुरुवात करा, मुलांपासून करा, नाहीतर नोकरीपासून करा, कुठूनही कुठंही जाता येतं. यालाच रिलेशनल मॉडेल म्हणतात.

यातली खरी मेख वेगळीच आहे. वाट दाखवणारा नंबर ही आता लपलेली गोष्ट राहिली नाही. तोसुद्धा तक्त्यातली एक साधी किंमत झाला. आणि जी गोष्ट किंमत म्हणून लिहिली आहे, तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतो.

घरातूनच विरोध

आता तुम्ही म्हणाल, एवढी भारी कल्पना म्हटल्यावर आयबीएमनं त्याला डोक्यावर घेतलं असेल. तर नाही.

कंपनीचा पैसा आयएमएसमध्ये अडकला होता. त्याच कंपनीचा पगारी माणूस उठून जाहीरपणे सांगत होता की झाडासारखी मांडणी ही चुकीची वाट आहे. वरच्या लोकांना हे कसं रुचणार?

बाहेरूनही विरोध होता. चार्ल्स बॅकमन हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला होता. प्रोग्रॅमर हा माहितीच्या समुद्रातला नावाडी आहे आणि वाट त्यानंच काढायची, असं त्यांचं मत. कॉडचं म्हणणं बरोबर उलटं. काय हवं ते माणसानं सांगावं, वाट मशीननं शोधावी.

१९७४ मध्ये अ‍ॅन आर्बरला एका परिषदेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. कॉड ज्या गावात पीएचडी झाला, तेच हे गाव. विरोधकांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. तक्ते जोडून उत्तर काढायला वेळ लागतो आणि तेव्हाची मशीन आजच्या मोबाईलपेक्षाही कितीतरी हळू होती. हे सगळं कागदावर छान आहे, पण चालणार नाही, असं अनेकांना मनापासून वाटत होतं.

कॉड मात्र हटला नाही. त्यानं आयबीएमच्या ग्राहकांनाच आपली पद्धत समजावून सांगितली. मग ग्राहकांनी कंपनीला विचारायला सुरुवात केली.

शेवटी सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प उभा राहिला. डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी सीक्वल नावाची भाषा मांडली. पुढं ट्रेडमार्कच्या भानगडीमुळं तिचं नाव एसक्यूएल झालं. याच टीममधल्या पॅट सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं की सगळ्यात स्वस्त वाट कोणती, हे मशीन स्वतः हिशोब करून ठरवू शकतं. कॉडनं जे म्हटलं होतं ते चालत होतं.

पण आयबीएमचा पाय काही पटपट उचलला जाईना. तिकडं संशोधनाचे पेपर मात्र उघड छापून येत होते. ते लॅरी एलिसन नावाच्या एका तरुणानं वाचले. त्यानं बॉब मायनर आणि एड ओट्स यांच्यासोबत १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस विकायलाही काढला. तीच आजची ओरॅकल. आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल उत्पादन १९८१ मध्ये आलं आणि डीबी२ आलं १९८३ मध्ये. तोवर पाखरू उडालं होतं.

१९८१ मध्ये कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा मान.

जिंकूनही समाधान नाही

आता त्याची पद्धत सगळीकडं चालली होती. मग गडी खूश असायला हवा होता. पण नाही. एसक्यूएलमध्ये एकाच तक्त्यात तीच ओळ दोनदा येऊ शकते, हे त्याला खटकायचं. त्याच्या गणितात ते बसत नव्हतं.

त्यात प्रत्येक कंपनी जुन्याच मालाला रिलेशनल असं लेबल लावून विकायला लागली. तेव्हा १९८५ मध्ये कॉडनं खरा रिलेशनल डेटाबेस कोणता, हे ठरवणारे १२ नियम जाहीर केले. नियमांचे नंबर शून्यापासून बारापर्यंत आहेत, म्हणजे नियम खरं तर १३ आहेत.

त्यातले दोन नियम आजही महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, तक्त्याचं नाव, ओळीची ओळख आणि रकान्याचं नाव सांगितलं की कोणत्याही माहितीपर्यंत हमखास पोहोचता आलं पाहिजे. दुसरा असा की, कोणते तक्ते आहेत आणि त्यांत कोणते रकाने आहेत, ही माहितीसुद्धा तक्त्यातच असली पाहिजे. म्हणजे नावं माहीत नसतील तर नावंही विचारता येतात.

जी माहिती नाहीच, तिच्याबद्दलही त्यानं विचार केला होता. माहिती असायला हवी पण हाती आलेली नाही, आणि माहिती लागूच होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तो म्हणायचा. शेतकऱ्याचं दूध मोजायचं राहिलं आणि त्या दिवशी गाय भाकडच होती, हे एकसारखं कसं धरायचं?

आयबीएम सोडल्यावर त्यानं सहकारी ख्रिस डेट आणि शॅरन वाइनबर्ग यांच्यासोबत सल्लागार कंपनी काढली. शॅरनशी १९९० मध्ये त्याचं लग्न झालं. १८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात वयाच्या ७९ व्या वर्षी तो गेला.

मग डबे परत आले

कॉड गेल्यावर काही वर्षांत इंटरनेटच्या कंपन्या अफाट वाढल्या. रोज बदलणारी माहिती आधी ठरवलेल्या तक्त्यात बसवणं जड जायला लागलं. मग डॉक्युमेंट डेटाबेस आले. मोंगोडीबी २००९ मध्ये आला. एका माणसाची सगळी माहिती एकाच कागदावर, डब्यात डबा. लिहायला सोपं, एका माणसाचं पान उघडायला झटपट. यात चूक काहीच नाही. काही कामांसाठी हीच मांडणी चांगली.

घोळ होतो तो एका ठिकाणी. डब्यावर लेबल म्हणून काय लिहायचं? नाव, पत्ता, मोबाईल अशी ठरलेली लेबलं असतील तर अडचण नाही. पण घाईत पोरं तारखेलाच लेबल करतात, नाहीतर ग्राहकाच्या नंबरला. आपल्या दूध केंद्रासारखं. शेतकरी, त्याखाली १५ ऑगस्ट नावाचा डबा, त्यात सकाळ नावाचा डबा, त्यात फॅट.

आता फॅट ३.५ च्या खाली कधी गेलं, हे विचारायचं तर डेटाबेसला वाट सांगावी लागते. वाटेत तारीख आहे. आणि तारीख तर आपल्याला माहीतच नाही, तीच शोधायची आहे! १९७० च्या पेपरातलं दुखणं जसंच्या तसं परत आलं.

यावर इलाज आहेत. मोंगोडीबीमध्ये ऑब्जेक्ट-टू-ॲरे नावाची सोय आहे. ती प्रत्येक डबा उघडते आणि लेबल व आतला माल यांची जोडी करून यादी बनवते. आपल्या उदाहरणात हे दोनदा करावं लागतं. एकदा तारखेच्या डब्यांसाठी, मग सकाळ-संध्याकाळच्या डब्यांसाठी. मग यादीतली प्रत्येक जोडी सुटी करायची आणि त्यावर अट लावायची. पोस्टग्रेसमध्ये जेसनबी-ईच नावाचं फंक्शन हेच काम करतं. दोन्हीकडं युक्ती एकच. लेबलाला किंमत बनवायचं, म्हणजे त्याच्याबद्दल विचारता येतं.

पण याची किंमत मोजावी लागते. अशा प्रश्नाला इंडेक्सचा आधार मिळत नाही, म्हणून एकूणएक कागद उघडून बघावा लागतो. मोंगोडीबीनं २०१९ मध्ये वाइल्डकार्ड इंडेक्स आणला. पण त्यालाही प्रश्न विचारताना वाट सांगावीच लागते. शंभर शेतकरी असतील तर काही वाटत नाही, लाखोंच्या नोंदी झाल्या की गाडी अडते.

त्यापेक्षा सुरुवातीलाच साधी मांडणी केली तर? शेतकऱ्याच्या कागदावर नोंदींची एकच यादी, आणि प्रत्येक नोंदीत चार ठरलेली लेबलं: तारीख, वेळ, लिटर, फॅट. यादी फार लांबत जाणार असेल तर प्रत्येक नोंदीचा वेगळाच कागद आणि त्यावर शेतकऱ्याचा नंबर. लेबलं कायम तीच, बदलतात त्या फक्त किमती. फॅटवर इंडेक्स लावता येतो आणि चेअरमनच्या प्रश्नाचं उत्तर लगेच निघतं.

नीट बघितलं तर हे कॉडनं कर्मचाऱ्याच्या उदाहरणात केलं होतं, तेच आहे. पोटातली यादी बाहेर काढा आणि ओळख सोबत द्या. त्यासाठी तक्त्यांचाच डेटाबेस पाहिजे असं नाही.

२००४ मध्ये डेटाबेस क्षेत्रातल्या एका मोठ्या पुरस्काराला कॉडचं नाव देण्यात आलं. पण त्याचं काम रोज कामी येतं ते एखाद्या नव्या ॲपची पहिली नोंद लिहिताना. त्या क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: उद्या कोणी याच माहितीला उलट्या बाजूनं प्रश्न केला तर उत्तर निघेल का? निघणार नसेल, तर तारीख डब्याच्या बाहेर लिहू नका, आत लिहा.